कालचा चहा

अनुसयाबाईला कोणी फसवून दाखवावं, असं ती स्वतःच पुसेगावभर सांगत फिरायची. बांगड्या भरणारीनं हात धरला की ही आधी बांगडी उन्हात धरून पाहणार. मतं मागायला कोणी आलं की पाण्याचा तांब्या मागं धरून आधी विचारणार, "इतके दिवस कुठं होते तुमी?" पोलिओचा डोस घेऊन आलेल्या नर्सबाईला तर तिनं म्हणे आधी स्वतःच्या जिभेवर दोन थेंब टाकायला लावले होते. ते खरं की खोटं देव जाणे, पण गाव हसत हसत सांगायचं आणि अनुसयाबाई ऐकून खुश व्हायची.

त्या वर्षी मात्र तिचा संशय चेष्टेवारी नेण्यासारखा राहिला नव्हता. राधिका, तिची थोरली, लग्नाला आलेली. मागच्या साली सेनगावकडची एक सोयरीक जमता जमता मोडली होती, आणि का मोडली ते कोणी सांगेना. तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्याकडं पोराकडचे सरळ दारात येऊन विचारत नसतात. कोणीतरी लांबचं माणूस गल्लीत येतं. बकरू घ्यायचंय म्हणतं, बियाणं पाहायचंय म्हणतं, ओट्यावर टेकतं आणि गप्पांच्या ओघात सगळं काढून नेतं. माणसं कशी, खाऊनपिऊन बरी आहेत का, पोरीचा आवाज गल्लीत ऐकू येतो का. सेनगावच्या त्या माणसाच्या कानात काहीतरी ओतलं ते शेजारच्या गोजरबाईनंच, याबद्दल अनुसयाबाईला तिळमात्र शंका नव्हती. पुरावा काय, तर गोजरबाई त्या दिवशी उगाच हसली होती.

आता कळमनुरीचं घर चालून आलं होतं. अनुसयाबाईचा नवरा नामाजी, त्याच्या मावसभावानं, तातेरावनं आणलेलं. मुलगा शिवहार, खतं-बियाण्यांचं दुकान, सिमेंटचं घर, कापूस-तुरीची जमीन. पाहणं झालं, पसंती कळवली गेली, पौर्णिमेला सुपारी फोडायची ठरली. एवढं मोठं घर आपल्या शेरडंमेंढरं राखणाऱ्या घरात सोयरीक करतंय, याच्या आनंदानं नामाजी चार बोटं उंच झाला होता. आणि अनुसयाबाई डोळ्यांत तेल घालून गल्लीवर पहारा करत होती. सुपारी फुटेपर्यंत परकं माणूस गल्लीत शिरलं की तिच्या नजरेखालून जाणार.

आणि नेमकी ती पोरगी आली.

हिंगोलीच्या जीपमधून उतरलेली, पंजाबी ड्रेस, खांद्याला जडशी पिशवी, हातात कागद लावलेली लिहायची पाटी. मारुतीच्या पाराजवळच्या घरी ती आधी गेली. तिथं बरंच बसली. मग बाहेर आली, बोटानं दारं मोजल्यासारखं केलं, तीन घरं सोडली, गोजरबाईचं दार तर जणू दिसलंच नाही, आणि सरळ अनुसयाबाईच्या अंगणात येऊन उभी राहिली.

"मावशी, थोडा वेळ आहे का? सर्व्हे करायचाय."

अनुसयाबाईच्या मनात पाल चुकचुकली. सर्व्हे! जिल्हा हिंगोलीला आल्यापासून सर्व्हेवाले यायचे, हे खरं. पण सरकारी माणूस दारं सोडत नसतो, सगळ्यांना सारखीच तकलीफ देतो. ही तीन घरं सोडून आपल्याच दारात कशी? बरं, पारावरच्या घरात एवढा वेळ कोणाबद्दल बोलत होती?

"काहून? कशाचा सर्व्हे?"

"चहाचा. कोणत्या घरी कोणता चहा लागतो, एवढंच विचारायचंय. माझं नाव अबोली."

चहाचा! अनुसयाबाईला हसूच येणार होतं. अगं, जगात कोणी हिंगोलीहून जीपनं येतं का, पुसेगावात कोण कसला चहा पितं ते विचारायला? बकरू झालं, बियाणं झालं, आता चहा काढला. कळमनुरीचे लोक हुशार दिसतात, बाई पाठवली.

तिनं तोंडभर हसून सतरंजी अंथरली.

आणि प्रश्न तरी काय निघावेत? घरात माणसं किती. पोरी किती, लग्नाच्या की लहान. कोण किती शिकलं. घर पक्कं की मातीचं. टीव्ही आहे का, रंगीत की साधा. स्वयंपाक चुलीवर की गॅसवर. प्रत्येक प्रश्नागणिक अनुसयाबाईची खात्री वाढत गेली. सोयरिकीत नेमकं हेच तर विचारतात! चहा आहे कुठं यात?

मग ती सुटलीच. गॅस हाय, पण टाकी भरायला गेली हिंगोलीला. टीव्ही हाय, रंगीत, दुरुस्तीला दिला. राधिका बारावी झाली, पुढं शिकवायची होती पण आमीच म्हणलं, घरचं पाहू दे. चहा? डब्यातला. भारीतला. सुट्टा चहा आमच्याकडं जनावरं पन पीत न्हाईत.

"वा," अबोली म्हणाली. "डबा बघायला मिळेल का? नाव लिहायचं असतं."

अनुसयाबाईनं मान वळवली. दारात राधिका उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर हसू दाबल्याच्या सगळ्या खुणा होत्या.

"राधे, जा, डबा आन."

"कोनता डबा, आई?"

"अगं तोच! गोजरमावशीकडं दिला न्हाई का त्या दिवशी, पाहुणे आले म्हणून."

राधिका गेली आणि गोजरबाईकडून एक पत्र्याचा डबा घेऊन आली. त्याच्यावर बिस्किटाचं चित्र होतं. आत खडा हिंग होता. अबोलीनं डबा पाहिला, हिंगाचा वास घेतला, आणि चेहरा तसूभरही न हलवता पाटीवर काहीतरी लिहिलं. अनुसयाबाईला तिथल्या तिथं जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं.

जाताना अबोलीनं पिशवीतून दोन पुड्या काढल्या. कोऱ्या पांढऱ्या. एकीवर गोल, एकीवर त्रिकोण, नाव कशावरच नाही. "आधी गोलवाली वापरा, संपली की त्रिकोणवाली. आठवडाभरानं मी परत येते. कोणती आवडली तेवढं सांगायचं. नाव मुद्दाम लिहिलेलं नाही, नाव दिसलं की माणूस नावाला चव देतो."

ती गेल्यावर आळीत एकच चर्चा. गोजरबाई ओट्यावरून ओरडली, "पिऊ नको गं अनुसये! ऑपरेशन न करता पोरं बंद करायचं औषध असतं त्याच्यात. नाव लिहीत न्हाईत ते काहून?" दुसरी म्हणाली, रेशन कार्डं कापायची आहेत, कोण भारी चहा पितं ते पाहून राहिलेत. अनुसयाबाईनं सगळ्यांचं ऐकून घेतलं, कारण तिला खरं काय ते माहीत होतं. कळमनुरीवाले परीक्षा पाहत होते. पुडी फेकली तर उद्धट म्हणतील, विकली तर भुकेले म्हणतील. तरी पण कोणी काही मिसळलं असेल तर? तिनं गोलवाली पुडी फोडली, चहा केला आणि पहिला कप नामाजीला दिला. तो पिऊन मेंढरांमागं गेला, संध्याकाळी धडधाकट परत आला, मग तिनं स्वतः घेतला.

"आई, ती बाई खरंच चहावाली असंल," राधिका दुसऱ्या दिवशी म्हणाली.

"तुला काय कळतं? कळमनुरीची हाय ती. पुन्ना आली की डोक्यावर पदर घे, खाली पाहून बोल, आन् विचारलं तेवढंच सांग."

राधिकेनं आईकडं पाहिलं. "खरंच कळमनुरीची हाय?"

"मी सांगते ना!"

कपातला चहा संपवून राधिका शेळ्यांना पाला टाकायला गेली. अनुसयाबाईला वाटलं, पोरीला पटलं.

आठवड्यानं अबोली परत आली तेव्हा अनुसयाबाई मुद्दाम घरात नव्हती. म्हणजे होती, पण आतल्या खोलीत, कडब्याच्या पेंढ्यांमागं, भिंतीच्या झरोक्याला कान लावून. पोरगी एकटी असली की कशी बोलते ते पाहुण्यांना पाहायचं असतं, तर पाहू दे. आणि काय विचारतात ते आपल्यालाही कळू दे. संशयी बाईला एवढी हौस असतेच.

"काल सकाळी चहा कोणी केला?" अबोली विचारत होती.

"मी."

"कोणत्या पुडीचा?"

"तिकोनवाल्या. गोलवाला बरा होता. ह्याला रंग येतो पन घशाला धरतो."

"काल कोणी कोणी प्यायला?"

"आबानं, आईनं, मी. गोजरमावशी आली होती, शिव्या देऊन दोन कप पेली."

अबोली हसली. पाटीवरचं लिहिणं थांबलं. ती उठायला लागली असावी, कारण राधिकेचा आवाज एकदम घाईचा झाला.

"बाई, बसा. तुमाला एक सांगायचंय. तुमी कळमनुरीला जाऊन सांगताल ना?"

"कळमनुरीला? हो, पुढच्या आठवड्यात तिकडं काम आहेच. काय सांगायचं?"

"पोरगी वाईट हाय म्हणून सांगा. उलटं बोलती म्हणा. स्वयंपाक येत न्हाई म्हणा. काहीबी सांगा, पन त्या घरी मला न्हाई जायचं."

पेंढ्यांमागं अनुसयाबाईनं झरोक्याला कान आणखी घट्ट लावला.

"ते लोक पाहायला आले तवा त्यांची थोरली सून संगं होती. पद्माबाई. मी तिला चहा दिला. ती कपाकडं पाहून राहिली होती अशी, जशी उपाशी असावी. पन हात लावला न्हाई. सासूनं मान हालवली न्हाई तवर चहावर साय धरली. मग पेली ती, एका दमात, गरम का गार पाहिलंच न्हाई. मी आईला सांगितलं. आई म्हणली, वळण हाय घराला. मला ते वळण नको. माझ्या घरात मला कोणी विचारलं न्हाई, बाई. तुमी विचारून राहिलात म्हणून सांगते."

पाटी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग अबोली हळूच म्हणाली, "ताई, मी कळमनुरीची नाही. हिंगोलीची आहे. माझे वडील कचेरीत कारकून आहेत. मी बी.कॉम. झाले, नोकरी मिळेना, म्हणून हे काम धरलं. मी खरंच चहाची आहे गं."

अनुसयाबाई पेंढे ढकलून बाहेर आली. केसांत कडब्याची पानं, डोळ्यांत पाणी, आणि तोंडात राग. रडू आलं की तिला आधी राग यायचा, लहानपणापासून.

"चहाची होतीस तर तीन घरं सोडून माझ्याच दारात काहून आलीस?"

अबोली दचकली, पण पळाली नाही. "नियम आहे तो, मावशी. पहिल्या घरानंतर तीन सोडायची, चौथं घ्यायचं. नाही तर आम्ही ओळखीच्या, हसऱ्या, चहा पाजणाऱ्या घरातच बसू. मग गावाचं खरं कसं कळणार?"

"आन् पोरी किती, टीव्ही हाय का, ते?"

"कोणत्या घराला काय परवडतं ते कंपनीला कळावं म्हणून. मावशी, तुम्ही गॅसचं सांगितलंत ते मला तेव्हाच कळलं होतं. चुलीचा धूर माझ्या डोळ्यांत जात होता. सगळेच सांगतात असं. कोणी चढवून सांगतं, कोणी रडून. म्हणून आम्ही 'तुम्ही कोणता चहा पिता' असं विचारून थांबत नाही. 'काल काय झालं' ते विचारतो. नेहमीचं विचारलं की माणूस इज्जत सांगतो. कालचं विचारलं की आठवायला लागतो, आणि आठवता आठवता खरं निघतं."

अनुसयाबाई खाली बसली. राधिकेकडं पाहायचा तिला धीर होईना. अख्ख्या गावावर संशय घेतला, गोजरबाईच्या हसण्यावर घेतला, चहाच्या पुडीवर घेतला. आणि ज्या घरात लेक द्यायची त्या घराबद्दल कोणाला काही विचारलं का? नाही विचारलं. तातेराव म्हणाला चांगलं आहे, नामाजीनं सिमेंटचा स्लॅब पाहिला, झालं. पोरीकडच्यांनी जास्त विचारलं की मोठी माणसं रागावतात, ही भीती. पुसेगावच्या हुशार बाईची हुशारी तिथंच शेण खायला गेली होती.

"पोरी," ती अबोलीला म्हणाली, आवाज उतरलेला, "तू कळमनुरीला जाशील तवा त्या घरी जा ना. इचार, काल चहा कोणी पेला. मला येऊन सांग."

"नाही मावशी. ते नाही जमणार." अबोलीनं पाटी छातीशी धरली. "एका घरचं उत्तर मी दुसऱ्या घरी सांगत नाही. तुमचं हिंगाचं मी कोणाला सांगितलं का? सांगायला लागले तर उद्या मला कोणी दारात उभं करणार नाही. आणि करूही नये."

अनुसयाबाईला राग आला, पण बोलण्यात खोट काढता येईना.

"पण विचारायला काही बंदी नाही," अबोली पिशवी उचलता उचलता म्हणाली. "तुम्हाला पण नाही."

कळमनुरीच्या बाजाराच्या दिवशी अनुसयाबाई नामाजीला बाजार करून येते म्हणाली. हिंगोलीचा बाजार सोडून कळमनुरीचा काहून, असं त्यानं विचारलं. तिनं मिरच्या स्वस्त आहेत म्हणून सांगितलं. जीपनं हिंगोली, तिथून एसटीनं कळमनुरी. बाजारात ती शिरलीही नाही. खतांच्या दुकानामागची आळी तातेरावच्या बोलण्यातून तिला पाठ होती. घर ओळखू आलं. त्याच्या ओट्यावर सासू बसलेली दिसली तशी ती पदर पुढं ओढून पुढच्या बोळात वळली, आणि त्या घराच्या परसाला लागून असलेल्या दारात उभी राहिली.

आतली बाई म्हातारी, एकटी दिसत होती. जिवनबाई तिचं नाव, ते नंतर कळलं.

"माय, चहाच्या कंपनीकडून आली मी. सर्व्हे करून राहिलो आमी."

जिवनबाईनं तिला आपादमस्तक न्याहाळलं. नऊवारी लुगडं, धुळीनं भरलेले पाय, हातात रिकामी पिशवी.

"कंपनीची? तू?"

"व्हय."

"मग पाटी कुठं हाय? मागं इथं एक चहावाली आली होती, तिच्याकडं पाटी होती. तू कोन हायेस, खरं सांग. नळाला मोटर लावली का ते पाहून राहिलीस? का आमच्या आळीतली पोरं मोजाया आलीस?"

अनुसयाबाईला घाम फुटला. दारात उभं राहून असं न्याहाळलं जाणं कसं असतं, हे तिला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. त्या हिंगोलीच्या पोरीची तिला एकदम कीव आली. पण मागं फिरायची सोय नव्हती. पौर्णिमा परवावर आली होती.

"काही मोजत न्हाई, माय. येवढंच सांग, काल सकाळी चहा कोणी कोणी पेला?"

जिवनबाईची नजर शेजारच्या परसाकडं गेली. मग नुसतीच बाजूला झाली. "ये आत. उन्हात नको उभी राहू."

चुलीवर आधण होतं. शेजारी फळीवर दोन कप उपडे घातलेले. घरात म्हातारी एकटी. अनुसयाबाईनं कपांकडं पाहिलं आणि काही विचारलं नाही. विचारायची गरजही पडली नाही, कारण तेवढ्यात परसाचं दार ढकलून एक बाई आत आली. डोक्यावर शेणाची पाटी. पाटी खाली ठेवली, हात लुगड्याला पुसले, आणि इकडंतिकडं न पाहता म्हातारीनं पुढं केलेला कप घेतला. उभ्याउभ्याच प्यायला लागली. चहा उकळता होता. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी थांबली नाही.

मग तिची नजर अनुसयाबाईवर गेली.

कप खाली पडला नाही एवढंच. पद्मा होती ती. तिनं ओळखलं होतं. पुसेगावात याच बाईच्या ओसरीवर ती सासूमागं बसली होती.

"मावशी," ती घाईनं म्हणाली, "मी इथं आली होती ते त्यांना सांगू नका. तुमच्या पाया पडते."

ती खरंच वाकली. अनुसयाबाईनं तिला धरलं. "न्हाई सांगत, माय. कोनाला न्हाई सांगत. एका घरचं दुसऱ्या घरी सांगायचं नसतं. मला सांग, काल घरी चहा पेलीस?"

पद्मानं नाही म्हणून मान हलवली.

"परवा?"

"घरी न्हाई."

"उपास होता?"

"सासू म्हणते सुनेला सवय लागली की घर बुडतं," जिवनबाईच बोलली. चुलीत काटकी इतक्या जोरानं सारली की ठिणग्या उडाल्या. "साखर, पत्ती, दूध, समदं कुलपात. भाकर बी मोजून. थोरला, हिचा नवरा, दुकानात बसून दिवसभर चहा पितो, त्याला काय कळतं? धाकटा शिवहार, तो गुमान मान खाली घालून जेवतो आन् उठतो. वाईट न्हाईत, माय. पन त्या घरात आईच्या पुढं कोनाला तोंड न्हाई. ही शेण टाकायच्या निमित्तानं परसातून येते. घाईत पिते, ओठ पोळतात, जाते. कोणी पाहिलं म्हणजे सरलं."

अनुसयाबाईला जे विचारायचं होतं ते सगळं विचारून झालं होतं. तिच्या डोळ्यांपुढं पद्माच्या जागी राधिका उभी होती, उकळता चहा घशाखाली ओतत.

"पोरी, मी ही सोयरीक मोडून राहिली. पौर्णिमेला सुपारी फुटायची न्हाई. तुजं नाव निघणार न्हाई, माझ्या लेकराची शपथ."

तिला वाटलं होतं, पद्मा सुटकेचा श्वास टाकेल. पद्मानं कप खाली ठेवला. तिचा चेहरा असा उतरला की अनुसयाबाईला कळेना, आपण काय वाईट बोललो.

"मोडा," पद्मा म्हणाली. "मोडायलाच पाहिजे. तुमी आई हाव." मग थोडं थांबून, कोणाकडंच न पाहता, ती म्हणाली, "मी तर दिवस मोजून राहिली होती ती यायचे. पाहायला आलो तवा तिनं माझ्याकडं पाहिलं होतं ना, तवाच वाटलं, हिला कळलं. म्हणलं, आता दोघी होऊ. एकीनं दाराशी उभं राहायचं, एकीनं बसून प्यायचं. बसून, मावशी. येवढंच."

पुढच्या घरातून सासूची हाक आली. पद्मानं पाटी डोक्यावर घेतली आणि परसाचं दार लावून गेली.

अनुसयाबाई बाजारात गेली नाही, मिरच्या घेतल्या नाहीत. एसटीत खिडकीशी बसून ती हिंगोलीपर्यंत रडली आणि शेजारच्या बाईनं विचारलं तर धूळ गेली म्हणाली. घरी आल्यावर तिनं नामाजीला पुढ्यात बसवलं आणि सांगितलं की तातेरावला निरोप धाडा, सोयरीक होणार न्हाई. नामाजी उठला, बसला, पुन्हा उठला. काय कारण सांगू, लोक काय म्हणतील, एवढं मोठं घर. "कारन माझं नाव सांगा," ती म्हणाली. "म्हणा, बाई संशयी हाय. समद्या मुलखाला ठाऊकच हाय." नामाजीनं तिच्या तोंडाकडं पाहिलं. सकाळीच जातो म्हणाला.

राधिका चुलीजवळ बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती उठली आणि आईच्या गळ्यात पडली, लहानपणी पडायची तशी, आणि अनुसयाबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

मग राधिका मागं झाली.

"आई, पद्माबाई भेटली तुला?"

"भेटली."

"मग ती काय म्हणली?"

गावातल्या कोणालाही उत्तर द्यायला अनुसयाबाईला कधी वेळ लागला नव्हता. आज तिच्या कानात पद्माचं 'आता दोघी होऊ' होतं, आणि ती लेकीचा हात धरून उभी होती. राधिकेनं परत विचारलं.